सातिवलीकरांसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड घेण्याचे सोपे धडे

धडा पहिला : कारण शोधणे

कार्डाच्या आधी कारण लागतं. दोन लाखांपुढची वस्तू घरात आणायची असेल तर 'गेम खेळायला हवंय' हे उत्तर कुठल्याच वयात चालत नाही. सोळाव्या वर्षी वडील ऐकत नाहीत, चाळिसाव्या वर्षी बायको.

सुदैवाने सातिवलीत कारणांना तोटा नाही. वसई फाट्यापासून वालीव-गोखिवऱ्यापर्यंत औद्योगिक गाळ्यांच्या रांगा आहेत. कुठे प्लास्टिकचं मोल्डिंग, कुठे डाय, कुठे पत्र्याचं काम, कुठे पुठ्ठ्याचे खोके. खाली मशिन धडधडत असतं आणि वर पोटमाळ्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये एक मुलगा स्क्रीनवर साच्याचं ड्रॉइंग गोल गोल फिरवत बसलेला असतो. तो मुलगा तुम्हीच असाल तर काम सोपं आहे. "शेठ, पार्टीसमोर ड्रॉइंग अडकतं," एवढंच म्हणायचं. अडकतं का, किती अडकतं, हे शेठ विचारत नाहीत. 'पार्टीसमोर' हा शब्द पुरतो.

(खरी गोष्ट अशी, की साच्याच्या ड्रॉइंगचं बरंचसं ओझं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतं. गेमिंगचं सर्वांत महाग कार्ड बसवलं तरी ते निम्मा वेळ हातावर हात धरून बसेल. शिवाय अशा सॉफ्टवेअरसाठी तपासून प्रमाणित केलेली कार्डं वेगळी येतात. हे शेठना सांगणं पहिल्या धड्यात अपेक्षित नाही.)

शेठ नसतील तर एडिटिंगचं कारण काढा. नायगावकडे मालिकांचे सेट उभे असतात, तेव्हा 'तिकडची कामं मिळतील' हे वाक्य घरात खपून जातं. तेही खपलं नाही तर 'एआय शिकतोय' म्हणा. सध्या या दोन शब्दांपुढे कुणी उलटा प्रश्न विचारत नाही, कारण उत्तर समजणार नाही अशी प्रत्येकाला भीती असते.

धडा दुसरा : दुकानात कंपन्या किती, ते मोजणे

दुकानातल्या शेल्फवर दहा रंगांचे खोके दिसतात. असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, गॅलॅक्स, इनो थ्रीडी. नवशिक्याला वाटतं, वा, काय स्पर्धा आहे! आता खोक्याच्या कोपऱ्यातली हिरवी पट्टी बघा. महागड्या कार्डांच्या सगळ्या खोक्यांवर एकच नाव असतं, एनव्हिडिया. चिप तिची. वरच्या कंपन्या बोर्ड, हीटसिंक, पंखे, दिवे आणि खोक्यावरचा ड्रॅगन पुरवतात. त्यांच्या हाती फार काही उरत नाही. ईव्हीजीए ही अमेरिकेतली नावाजलेली कार्ड कंपनी सप्टेंबर २०२२ मध्ये या धंद्यातून सरळ उठून गेली. कारण सांगितलं, की नफा राहिला नाही आणि एनव्हिडियाशी पटत नाही.

पूर्वी असं नव्हतं. १९९० च्या दशकात थ्रीडीएफएक्स, एस थ्री, मॅट्रॉक्स, एटीआय, एनव्हिडिया अशी भलीमोठी यादी होती, आणि वूडू कार्ड म्हणजे थ्रीडीएफएक्स हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. २००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेण्याचं जाहीर झालं. २००६ मध्ये एएमडीने एटीआयला ५.४ अब्ज डॉलरना घेतलं. उरले दोन. २०२२ मध्ये इंटेल आपलं आर्क कार्ड घेऊन आली, पण ती खालच्या मजल्यावर राहायला आली; वरच्या मजल्याचं भाडं तिला झेपलेलं नाही.

या उरलेल्या दोघांचं नातंही समजून घ्या. एनव्हिडियाचे जेन्सन ह्युआंग आणि एएमडीच्या लिसा सू हे नात्यातले आहेत. ह्युआंग यांची आई ही सू यांच्या आजोबांची बहीण. दोघांचंही मूळ तैवानचं. आपल्याकडे असते तर मामा म्हणायचं की काका यावर एक अख्खी लग्नाची पंगत संपली असती. आणि दोघंही चिपा स्वतः बनवत नाहीत. दोघांच्या अलीकडच्या चिपा तैवानच्याच टीएसएमसी या एका कारखान्यातून येतात. इंटेलच्या आर्क चिपासुद्धा तिथूनच. भाऊबंदकी आहे, पण चूल एक आहे.

सर्वांत वरच्या पायरीवर तर भाऊबंदकीही उरली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये एएमडीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरच सांगितलं, की आता आम्ही अतिमहागड्या कार्डांच्या मागे लागणार नाही, जास्त लोकांना परवडेल ते बनवू. मार्च २०२५ मध्ये त्यांचं आरएक्स ९०७० एक्सटी आलं. चांगलं कार्ड आहे. पण त्याच्या वरची पायरी एएमडीने रिकामी सोडली. जॉन पेडी रिसर्चच्या आकड्यांप्रमाणे २०२५ मध्ये सुट्या ग्राफिक्स कार्डांतला ९० टक्क्यांहून मोठा हिस्सा एकट्या एनव्हिडियाचा होता. तिचं सर्वांत वरचं गेमिंग कार्ड म्हणजे आरटीएक्स ५०९०; त्याच्या तोलाचं दुसऱ्या कुणाचं कार्ड बाजारात नाही.

स्वाध्याय : दुकानात जा, दहा खोके मोजा आणि वहीत 'एक' लिहा.

धडा तिसरा : किंमत वाचणे

इथे नवशिका जी पहिली तक्रार करतो ती अशी, की अमेरिकेत स्वस्त, आपल्याकडे सरकार लुटतं. पाटी-पेन्सिल घ्या. ५०९० जानेवारी २०२५ च्या अखेरीस आलं. अमेरिकेतली जाहीर किंमत १,९९९ डॉलर, त्यात तिथला विक्रीकर धरलेला नसतो. त्या वेळी डॉलर साडेशहाऐंशीच्या आसपास होता, म्हणजे सुमारे १ लाख ७३ हजार रुपये. त्यावर आपला १८ टक्के जीएसटी चढवला की २ लाख ४ हजार. भारतातली जाहीर किंमत होती २ लाख १४ हजारांपासून पुढे. दहा हजारांचा फरक. वाहतूक, विमा, वितरकाचं कमिशन हे सगळं त्यात बसवायचं. शेअर रिक्षावालाही एवढ्या फरकावर भांडणार नाही.

म्हणजे जाहीर किमतीत लूट फारशी नाही. अडचण एवढीच, की त्या किमतीला कार्ड मिळत नाही. २०२५ मध्ये ५०९० घ्यायला निघालेल्या माणसाला अडीच-तीन लाख किंवा त्याहून मोठा आकडा ऐकावा लागला. अमेरिकेतही हीच गत होती. जाहीर किमतीचे नग मोजके, ते पहिल्या तासात गेले. मागून आले ते जास्त पंखे आणि जास्त दिवे लावलेले महागडे अवतार.

खोक्याला उलटं करून एमआरपीचं स्टिकरही बघा. अमेरिकेत कंपनी फक्त किंमत सुचवते, दुकानदार हवी तेवढी लावतो. आपल्याकडे वैधमापनाचा नियम आहे, छापील किमतीपेक्षा जास्त भावाने विकता येत नाही. यावर आपल्या व्यापाराने काढलेला उपाय साधा आहे. छापील आकडाच इतका उंच ठेवायचा की पुढे कितीही भाव चढला तरी डोकं आपटू नये. त्यामुळे दुकानदार "एमआरपीपेक्षा कितीतरी कमीत देतोय" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. फक्त त्या वाक्याला काही अर्थ नसतो.

अर्थ असलेली एक गोष्ट मात्र आहे, आणि ती गाळेवाल्यांनी नीट वाचावी. २ लाख १४ हजारांत जीएसटीचा भाग साडेबत्तीस हजारांहून जास्त आहे. कार्ड खरोखर धंद्याच्या कामासाठी, गाळ्याच्या जीएसटी नंबरवर पक्क्या बिलाने घेतलं तर तेवढं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. बाजारात कुठलाही दुकानदार एवढी सूट देत नाही. पहिल्या धड्यातल्या शेठचं महत्त्व आता कळलं असेल. (रात्री बाराला गाळ्यात बसून गोळ्या झाडणं हे धंद्याचं काम नव्हे. सीएला विचारा, पण पोटमाळ्यावर बोलावून विचारू नका.)

धडा चौथा : माल जातो कुठे

हा धडा लांब आहे, कारण सगळं दुखणं इथेच आहे.

वसई रोडहून दिवामार्गे पनवेलला मेमू जाते. पनवेलजवळ हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीचं एनएम १ नावाचं डेटा सेंटर आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तिथे एनव्हिडियाच्या एआयसाठीच्या एच १०० चिपांची पहिली खेप येऊन पोहोचली. किती? चार हजारांच्या आसपास. एकेका एच १०० ची किंमत तेव्हा २५ ते ३० हजार डॉलर सांगितली जायची. आता तुम्हीच चिपा विकायला बसा. एका बाजूला पनवेलचं गिऱ्हाईक आहे, ते हजारांत घेतं आणि भावाची घासाघीस करत बसत नाही. दुसऱ्या बाजूला सातिवलीचं गिऱ्हाईक, ते एक नग घेतं, तोही सहा महिने चौकशी करून, आणि वर "माउस फ्री मिळेल का?" विचारतं. कारखाना टीएसएमसीचाच, महिन्याला निघणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या मोजक्या. चकतीवर कोणाची चिप कोरायची?

कंपनीचे हिशेब उघडे आहेत. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या वर्षात एनव्हिडियाला गेमिंगमधून १२.४६ अब्ज डॉलर मिळाले आणि डेटा सेंटरमधून १०.६१ अब्ज. तेव्हा आपण पुढच्या बाकावर होतो. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात डेटा सेंटर ११५ अब्जांवर गेलं आणि गेमिंग ११.३५ अब्जांवर राहिलं. तीन वर्षांत आपण कुठेही गेलो नाही, पण शेजारी एवढा वाढला की आपल्याकडे कुणाची पाठ वळली तरी ते समजून घ्यावं लागतं.

शिवाय ५०९० च्या पोटातली चिप आरटीएक्स प्रो ६००० या कार्डातही बसते. त्याला ९६ जीबी मेमरी लावतात, ५०९० ला ३२ जीबी, आणि प्रो कार्ड कित्येक पट किमतीला विकतात. असं असताना कंपनी ५०९० मुळात बनवते यातच तिचा मोठेपणा मानायला हवा. मेमरीचंही तसंच. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांवर जगाची मेमरी चालते. एआयच्या चिपांना लागणाऱ्या मेमरीत पैसा जास्त, म्हणून तिघांचा ओढा तिकडे. २०२५ च्या शेवटी साधी रॅमसुद्धा भडकली, आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँड बंद करण्याचं जाहीर केलं. गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याने त्या आठवड्यात रॅमचा भाव फोनवर सांगणं सोडून दिलं.

तुमच्या घरात साठीच्या पुढचे कुणी असतील तर हा धडा त्यांच्याकडून शिका. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनायच्या तेव्हा किती बनवायच्या हे सरकारी परवान्यात लिहिलेलं असायचं. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळायची. आणि ज्याला मिळाली तो दुसऱ्या दिवशी 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, घेऊन विकायचा. वापरलेली स्कूटर कोऱ्या स्कूटरपेक्षा महाग. २०२१ मध्ये कार्डांचं नेमकं हेच झालं. आरटीएक्स ३०८० भारतात ७१ हजारांना जाहीर झालं होतं, इथरियम या आभासी चलनाचं मायनिंग करणाऱ्यांनी जगभर कार्डं उचलली आणि तेच कार्ड दुप्पट भावाच्या आसपास फिरायला लागलं. वापरलेलंसुद्धा जाहीर किमतीच्या वर. फरक एकच : स्कूटरचा तुटवडा परवान्याने घडवला होता, कार्डांचा तुटवडा ज्याला परवडतं त्याने घडवला आहे. परवाना तरी पुढे रद्द करता आला.

परवान्याचा विषय निघालाच आहे, तर परदेशी परवान्याचंही थोडं. १९८० च्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर दिला नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ही गोष्ट मराठी माणूस छाती फुगवून सांगतो, आणि सांगावीच. तिचा पुढचा भाग मात्र सांगायचा राहून जातो. २०२० मध्ये त्याच सी-डॅकचा परम सिद्धी-एआय जगातल्या पहिल्या ५०० मध्ये ६३ वा आला, तो एनव्हिडियाच्या यंत्रांवर उभारलेला होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने चिपांच्या निर्यातीसाठी देशांचे तीन गट पाडले तेव्हा भारत मधल्या गटात पडला, म्हणजे मोजूनमापून मिळणार. मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला. चीनला तर ५०९० मिळतच नाही. त्यांच्यासाठी ५०९० डी नावाचा हात बांधलेला अवतार काढला. तेव्हा दुकानदार 'माल वरूनच येत नाही' म्हणतो, तेव्हा वर म्हणजे किती वर हे ध्यानात घ्या.

मधली सुट्टी

पाणी प्या. भाव बघू नका; सकाळी बघितला होता.

धडा पाचवा : लॅमिंग्टन रोडला जाणे

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर लोक तुम्हाला रस्ता नव्हे, इतिहास विचारायला आलेला समजतील. वसई रोडहून चर्चगेट लोकल, उतरायचं ग्रँट रोडला. तुमची फास्ट तिथे थांबत नसेल तर मुंबई सेंट्रल, तिथून चालत. परत येताना संध्याकाळची विरार गाठू नका. अडीच लाखांचा खोका छातीशी धरून दादरला त्या डब्यात टिकून राहणं हे नवशिक्याचं काम नाही, आणि 'आत सरका' म्हणणाऱ्याला त्या खोक्याची किंमत सांगण्यात अर्थ नसतो.

दुकानात बोलणं बहुधा हिंदीत होतं. तुम्ही मराठीत सुरुवात करा, तो हिंदीत उत्तर देईल, तुम्हीही हिंदीत जाल आणि घरी येऊन मराठीच्या अवस्थेवर बोलाल. ठरलेले प्रश्न येतील. "बिल के साथ या बिना बिल?" उत्तर : बिलासकट, सिरीयल नंबर लिहून. तो नंबर खोक्यावर आणि कार्डावर एकच आहे हे तिथेच बघा. या कार्डांची वॉरंटी तीन वर्षांच्या घरात असते आणि ती तुमच्या चेहऱ्यावर नव्हे, त्या नंबरवर आणि बिलावर चालते. बिनबिलाचे वाचलेले पैसे पहिल्या बिघाडात परत जातात. "कॅश का रेट अलग है, कार्ड का अलग." हे आधीच विचारून ठेवावं, खोका उघडल्यावर नव्हे.

मग येतो कॉम्बो. तुटवड्याच्या काळात "खाली कार्ड नहीं मिलेगा" हे वाक्य हमखास ऐकू येतं. कार्डासोबत पॉवर सप्लाय घ्या, मदरबोर्ड घ्या, कधी न खपलेला मॉनिटर घ्या. न खपणारा माल खपणाऱ्या मालाच्या पाठीवर बसवणं ही जुनीच विद्या आहे, तिला फक्त नवीन नाव मिळालं. हवं तर पॉवर सप्लायवर तडजोड करा, तो तसाही लागणार आहे. मॉनिटर घेऊ नका.

अमेरिकेतल्या मावसभावाकडून मागवण्याचा विचार प्रत्येकाच्या मनात एकदा येतोच. मावसभाऊ आणेल. विमानतळावर कस्टमला हिशेब द्यावा लागेल, तोही देईल. पण अनेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात घेतलं त्या देशापुरती असते. कार्ड बिघडलं की तुम्ही ते परत पाठवणार, मावसभाऊ तिथल्या कंपनीला देणार, आणि पुढच्या दिवाळीला तो घरी येईल तेव्हा मावशी तुमच्याशी बोलणार नाही.

वापरलेलं कार्डही चालतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथरियमने मायनिंगच बंद केलं आणि रातोरात ढिगाने कार्डं बाजारात आली. त्यातली काही अजून हातोहात फिरत आहेत. 'फक्त गेमिंगला वापरलंय' असं प्रत्येक विकणारा सांगतो. चालवून दाखवायला लावा, अर्धा तास ताण द्या, पंख्याचा आवाज ऐका, मग खिशात हात घाला.

धडा सहावा : नावांना न फसणे

नावात जी मोठी संख्या, ते मोठं कार्ड, असा सोपा नियम असता तर मार्गदर्शकाची गरज नव्हती. लॅपटॉपवर 'आरटीएक्स ५०९०' लिहिलेलं असलं तरी आत ५०९० नसतं; डेस्कटॉपच्या ५०८० मध्ये असते ती चिप तिथे असते, २४ जीबी मेमरीसह आणि कमी विजेवर. ५०६० टीआय आणि एएमडीचं ९०६० एक्सटी दोन्ही ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात, नाव तेच. आठचं स्वस्त दिसतं. नवे गेम आठात गुदमरतात. दुकानदार भाव सांगतो तेव्हा जीबी विचारा, आणि जीबी सांगतो तेव्हा पुन्हा खोक्यावर वाचा.

अस्सल, सील तोडून काढलेल्या कार्डाचीही एक गोष्ट सांगायला हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये काही ५०९० कार्डांत १७६ ऐवजी १६८ च आरओपी निघाले. चित्राचे ठिपके शेवटी जुळवणारे हे भाग. आठ कमी म्हणजे थोडी गती कमी. एनव्हिडियाने चूक मान्य केली, अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्डांत तसं झालं म्हणाली आणि बदलून द्यायची व्यवस्था केली. दोन लाखांच्या वस्तूत माल मोजून घ्यावा लागतो हे मात्र सगळ्यांना कळलं. जीपीयू-झी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते घरी गेल्या गेल्या चालवा.

धडा सातवा : घरी आणल्यावर

५०९० एकटं ५७५ वॉट खाऊ शकतं. कंपनी एक हजार वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते. बाकीचा कॉम्प्युटर धरून ८०० वॉट, रोज पाच तास, म्हणजे महिन्याला १२० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांच्या पुढे दर चांगलाच चढतो, आणि तुमचे शंभर आधीच फ्रीज, पंखे आणि पाण्याच्या मोटरने संपवलेले असतात. बिल ज्याच्या नावाने येतं त्याला पहिल्या महिन्यातच सांगून टाका. दुसऱ्या महिन्यात तो मीटर तपासायला माणूस बोलावेल.

घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हे चालवू नका; तो आधी टी टी करेल, मग सगळ्या घराला अंधारात नेईल. गाळ्याच्या लाईनवर मोठी मशिनं सुरू-बंद होतात तेव्हा व्होल्टेज हलतं, तेव्हा चांगला यूपीएस घ्या. हा खर्च किमतीच्या धड्यात धरला नव्हता, कारण तिथेच धरला असता तर तुम्ही चौथ्या धड्यापर्यंत आला नसता.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं होतं, लोकल बंद, वीज गायब. तळमजल्यावरचं काय काय गेलं ते शेजाऱ्यांना विचारा. पावसाळ्यात तुंगारेश्वराकडून येणारी हवा सुंदर असते, पण ओलसर असते. तिच्यात गाळ्यांची भुकटी मिसळली की पंख्यांवर जो थर बसतो तो ब्लोअरनेही पटकन निघत नाही. कार्डाचं वजन बोर्डाला झेपत नाही म्हणून खाली टेकू द्यावा लागतो. खोक्यात आला नसेल तर मुद्दाम घ्या.

आणि विजेचा कनेक्टर शेवटपर्यंत दाबा. २०२२ मध्ये ४०९० आलं तेव्हा काही ठिकाणी हा सोळा पिनांचा कनेक्टर वितळला. तो पूर्ण आत बसला नव्हता, असं एनव्हिडियाचं म्हणणं पडलं. पुढे कनेक्टर सुधारला, तरी ५०९० च्या बाबतीतही अशा तक्रारी आल्याच. खटका बसेपर्यंत दाबा, वायरला लगेच वळण देऊ नका, बोटाने चाचपून बघा.

धडा आठवा : न घेणे

अभ्यासक्रमातला फुकट धडा हा एकच आहे.

'एआय शिकतोय' हे कारण तुम्ही खरोखरच मनावर घेतलं असेल तर सरकारच्या इंडियाएआय मिशनमध्ये पात्र विद्यार्थी, संशोधक आणि स्टार्टअपना चिपा भाड्याने मिळतात. सवलतीचा सरासरी दर ताशी ६५ रुपयांच्या आसपास जाहीर झाला आहे. २ लाख १४ हजारांत साधारण ३,२९० तास. एवढे तास शिकलात तर कार्ड घ्यायला पैसेही मिळवाल. ही माहिती वडिलांच्या हाती पडू देऊ नका, पहिला धडा तिथेच कोसळेल.

गेमच खेळायचा असेल तर एक मजला खाली उतरा. तिथे भांडण अजून चालू आहे. मार्च २०२५ मध्ये एएमडीने ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला लावलं, एनव्हिडियाचं त्याच तोडीचं ५०७० टीआय ७४९ चं होतं. सुरुवातीला तेही जाहीर किमतीला सहज मिळालं नाही, पण दोघांना एकमेकांकडे बघत भाव ठरवावे लागले. आणखी खाली इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबीचं आर्क बी ५८० हे २४९ डॉलरला आणून दोघांनाही थोडं हलवलं. तीन जण भांडतात तिथे गिऱ्हाइकाला दुकानदार चहा विचारतो. एकटाच बसला असेल तिथे गिऱ्हाईक उभं राहतं.

माझा सल्ला विचाराल तर सातिवलीतल्या घराला, आणि बहुतेक गाळ्यांनाही, १६ जीबीचं मधल्या भावाचं कार्ड पुरतं. ५०९० त्यालाच घेऊ द्या, ज्याचं काम दर तासाला पैसे आणून देतं आणि ज्याला जीएसटी परत मिळतो. बाकीच्यांनी ५०९० घेणं म्हणजे पनवेलच्या डेटा सेंटरशी बोली लावणं, आणि त्या बोलीत आपण जिंकत नाही.

जायचं ठरलंच तर आदल्या दिवशी तीन दुकानांना फोन करून भाव आणि 'स्टॉक हातात आहे का' हे दोन्ही विचारा, बिलासाठी गाळ्याचा जीएसटी नंबर लिहून घ्या आणि शनिवारी सकाळीच निघा. रविवारी लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद असतात.